हिरवा दिवा आणि चाकणचा टेम्पो

दुकानात न मागता साठतं ते दोनच: भंगार आणि किस्से. भंगाराला गिऱ्हाईक तरी मिळतं! आमच्या वायरलेसचे किस्से मात्र अजून माझ्याच गळ्यात आहेत.

भोसरीत माझं नटबोल्टचं दुकान, चाकणला गोडाऊन. टेलिफोनचा अर्ज सात वर्षं धूळ खात पडलेला. शेवटी गायकवाडसाहेब नावाच्या हुशार इंजिनिअरने आपल्या अभ्यासापायी दोन्हीकडे यंत्रं बसवून दिली. मी इकडे आकडे दाबायचे, ते चाकणला पट्टीवर छापून यायचे. तिकडे गोडाऊन सांभाळणाऱ्या शेखभाईंनी बटण दाबलं, की माझ्याकडे हिरवा दिवा. म्हणजे निरोप पोचला! परवाना तात्पुरता. सरकारी चाचणीत नापास झालो की यंत्रं जाणार, आणि मी पुन्हा सायकलवरून चिठ्ठ्या धाडणार.

*

साहेबांनी आधी दुकानात मोजमाप घेऊन कागदावर गणित मांडलं, किती निरोप पोचतील आणि किती वाया जातील. आलेख इतका देखणा, की फ्रेम करून लावावा! दुसऱ्या दिवशी यंत्र चालू केलं, तर दुपारपर्यंत दिवा नाही.

"साहेब, मोजमाप कुठल्या वारी केलंत?"

"गुरुवारी. मला सुट्टी असते ना!"

अहो, गुरुवारी अख्ख्या एमआयडीसीला सुट्टी! शेजारच्या शिंद्यांचं वेल्डिंगसुद्धा बंद, मग वायरलेसमध्ये खरखर येणार कुठून!

*

शिंद्यांना म्हटलं, "राव, रोज अर्धा तास मशीन बंद ठेवा."

"ठेवतो की! तुमचं यंत्र बी ठेवा. माझ्या रेडिओत खरखर येती."

*

एकदा पाच खोकी बोल्ट मागवले. दिवा नाही. पुन्हा दाबलं. असं चार वेळा. संध्याकाळी दारात वीस खोकी!

"शेखभाई, हे काय?"

"शेठ, चारदा छापून आलं, चारदा माल भरला. बटण पण चारदा दाबलं!"

माझे निरोप धडधाकट जात होते. माझ्या शेजारचं वेल्डिंग गिळत होतं ते फक्त इकडे येणारं त्यांचं उत्तर. तेव्हापासून प्रत्येक निरोपाला नंबर. नंबर तोच असेल तर माल पुन्हा द्यायचा नाही.

*

मग साहेबांनी नवा नियम काढला. "दिवा लागला नाही, तर समजा शेखभाई कामात आहेत. दर वेळी दुप्पट थांबा, मग पुन्हा दाबा." एक मिनिट, दोन, चार, आठ... शिंदे वेल्डिंग बंद करून केव्हाच जेवायला गेलेले, आणि मी नियमाने घड्याळ बघतोय! समोर गिऱ्हाईक तापलेलं.

शेखभाई नंतर म्हणाले, "कामात? शेठ, मी पेपर दोनदा वाचला. जाहिरातींसकट!"

*

चाचणीचे अधिकारी आले ते नेमके बुधवारी. "एक खोकं मागवा." दाबलं. शेजारी ठिणग्यांची दिवाळी, आमच्याकडे अंधार. तोच नंबर ठेवून नऊ वेळा दाबलं. तास गेला. गायकवाडसाहेबांनी आलेखाची गुंडाळी केली. अधिकाऱ्यांनी पेन उघडलं.

तेवढ्यात दारात टेम्पो. शेखभाई उतरले, काखेत एकच खोकं.

"निरोप मिळाला होता?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"नऊदा मिळाला. नंबर तोच, म्हणून माल एकदाच आणला."

"मग कळवलं का नाही?"

"नऊदा कळवलं, साहेब! शेवटी म्हटलं, समक्षच जाऊन सांगावं."

अधिकाऱ्यांनी एकदा यंत्राकडे पाहिलं, एकदा टेम्पोकडे. परवाना कायम केला आणि खाली शेरा मारला:

"व्यवस्था समाधानकारक. टेम्पो सुस्थितीत ठेवावा."