मधल्या खोलीतला गारवा

सोलापुरात एप्रिल लागला की ओळखीची माणसं "कसं काय" विचारत नाहीत, "आज किती?" असं विचारतात. किती म्हणजे पारा. आणि जो मोठा आकडा सांगेल त्याला जणू मानच मिळतो. मी बार्शीची, ऊन मलाही नवं नाही. पण माहेरी ते निदान घराबाहेर असायचं. इथं मी ते विकत आणून, वायरी जोडून, वरच्या खोलीत बसवून घेतलं होतं.

म्हणजे माझा कॉम्प्युटर. पुण्यातल्या एका विमा कंपनीचं काम मी घरी बसून करते. दवाखान्याच्या बिलांचे दावे तपासायचे, लोकांचे फोन घ्यायचे, त्यांच्या शिव्या खायच्या. कंपनीची अट अशी की यंत्र तुमचं, काम आमचं. एक मोठा डबा, दोन पडदे, इंटरनेटची पेटी, खाली इन्व्हर्टर. हा सगळा संसार दिवसभर वीज खातो आणि खाल्लेलं सगळं गरम करून खोलीतच सोडतो. डब्याच्या मागं हात धरला की चुलीपुढं बसल्यासारखं व्हायचं. वरून स्लॅब तापलेला. खिडकी उघडावी, तर गल्लीत यंत्रमागाचे कारखाने. त्यांची खटक-खटक थेट फोनमध्ये जायची आणि पलीकडचा माणूस विचारायचा, "मॅडम, तुम्ही रेल्वे स्टेशनवर बसलाय का?" म्हणून खिडकी बंद. खिडकी बंद म्हटल्यावर कूलरचाही उपयोग नाही. दमट हवा आतल्या आत फिरत राहते, कागद ओलसर होतात आणि अंगाला नुसती चिकचिक. मग कूलर खाली, बाहेरच्या खोलीत गेला.

खाली आत्यांचं राज्य. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. ऐन उमेदीची सगळी वर्षं त्यांनी यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या, तुटलेलं सूत सांधलं. आता घरी असतात, पण हात काही स्वस्थ बसत नाहीत. जुन्या चादरी कापून प्रत्येक वस्तूला खोळ शिवायची, हा त्यांचा उद्योग. मिक्सरला खोळ, टीव्हीला खोळ, गिरणीच्या डब्याला खोळ. आमच्या घरात उघडी फक्त माणसं. माझ्या कॉम्प्युटरलाही त्यांनी मोराच्या काठाची जाडजूड खोळ शिवली होती. काम संपलं की घालायची, असं मी शंभरदा सांगितलं होतं.

त्या एप्रिलमध्ये यंत्र बंद पडायला लागलं. फार तापलं की ते आपलं आपणच डोळे मिटायचं. फोनवर कुणी बाई नवऱ्याच्या ऑपरेशनचं सांगत असायची आणि इकडे पडदा काळा. पुण्याच्या साहेबांनी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा आवाज चढवला. "पुन्हा असं झालं तर तुम्हाला पुण्याला येऊन ऑफिसमध्ये बसावं लागेल. नाहीतर राजीनामा द्या." पुण्याला जायचं म्हणजे काय? नवरा इथल्या नोकरीत बांधलेला, मुलगी इथल्या शाळेत, आत्या इथं. आणि माझा पगार गेला तर मुलीची शाळाही गेली. 

आणि दुसऱ्याच दिवशी, मी जेवायला खाली आले असताना, आत्या जिना चढून वर गेल्या. यंत्र चालू आहे, उघडं आहे, धूळ बसतेय. त्यांनी मायेनं खोळ घातली. मी वर गेले तर डबा असला तापलेला की हात लावू देईना, आणि पडदा काळा.

मी बोलले. चांगली तोंड सोडून बोलले. "आत्या, ते पोर नाही पांघरूण घालायला! त्याला श्वास लागतो!" त्या खोळ काढून, घडी करून, काखेत धरून खाली गेल्या. मला वाईट वाटलं म्हणाल तर नाही वाटलं. मला तेव्हा फक्त साहेब दिसत होते. साहेबांना मी लाइट गेली असं सांगितलं आणि कशीबशी वेळ मारून नेली.

संध्याकाळी त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तुज्या त्या मशीनला घरातली कुटली जागा सोसंल?"

"कुठलीच नाही."

"खरं सांग की."

खरं म्हणजे मधली खोली. आमचं घर तुकड्यातुकड्यानं वाढलंय. बाहेरची खोली पत्र्याची, वरची स्लॅबची, पण मधली खोली जुनी, दगडी भिंतींची. रस्त्याकडं खिडकी नाही, वर एक झरोका. मे महिन्यात दुपारी तिथं पाय ठेवला की जिवाला बरं वाटतं. पण ती आत्यांची खोली. त्यांना रक्तदाब आहे, उन्हाळा बाधतो, डॉक्टरांनी दुपारी गारव्यात पडून राहायला बजावलंय. यंत्र तिथं नेलं की आठवड्यात त्या खोलीचीही भट्टी होणार, हे मला माहीत होतं. मी तसं स्पष्ट सांगितलं.

"मग मी बाहेरच्या खोलीत पडंन. कूलर हाय की तितं."

"पत्र्याखाली? आजारी पडाल आत्या."

"आगं जा! बंद पडायला मी काय मशीन हाय व्हय?"

मी नाही म्हटलं. नवराही नाही म्हणाला. आमचं नाही त्यांनी ऐकून घेतलं, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मंडईतून आले तर वरच्या खोलीत यंत्राच्या प्रत्येक वायरीला रंगीत सुताचा दोरा बांधलेला, तशीच गाठ, जशी कारखान्यात बांधत असणार. आणि वायर जिथं घुसते त्या भोकाशेजारी त्याच रंगाची टिकली चिकटवलेली. लाल दोऱ्याला लाल टिकली, हिरव्याला हिरवी. इन्व्हर्टरवर तर मोठी चंद्रकोर. नवऱ्याला हसू आवरेना. मी मात्र बघतच राहिले. काय बाई ही! सगळी तयारी करून, जिन्याच्या पायरीवर बसून आमची वाट बघत होती. अशा माणसाशी काय भांडणार? आम्ही यंत्र खाली नेलं आणि टिकल्या बघून बघून पुन्हा जोडलं. ते पहिल्या झटक्यात सुरू झालं, तेव्हा आत्यांनी यंत्राला नाही, स्वतःच्या हातांना नमस्कार केला.

मधली खोली यंत्राला मानवली. दार लावून, टेबलफॅन डब्यावर रोखून मी बसायचे. खोली तापली, अगदी मी म्हटलं होतं तशी, पण दगडाच्या भिंतींनी ते सोसलं. यंत्र एकदाही बंद पडलं नाही. साहेबांची फक्त एकच तक्रार उरली, मागं कसलीतरी घरघर ऐकू येते. ती बाहेरच्या कूलरची. मी जेवताना हसत हसत सांगितलं, "साहेबांना आता आमचा कूलरही चालेना." आणि विसरून गेले. दोन दिवसांत घरघर थांबली. मला वाटलं, दाराच्या फटीत कापड कोंबलं ते लागू पडलं.

मे अर्धा झाला होता. त्या दुपारी साहेब माझं काम तपासायला बसणार होते. माझे फोन ते स्वतः ऐकणार, आणि मग मी घरी राहणार की पुण्याला जाणार ते ठरणार. त्यांना जोडून घेतलं. पहिला फोन बरा झाला. दुसरा यायच्या आधी साहेबांना क्षणभर थांबायला सांगून मी पाण्याची बाटली भरायला दार उघडलं.

बाहेरच्या खोलीत पत्र्याची झळ नुसती ओतत होती. कूलर बंद. आत्या भिंतीला टेकून जमिनीवर बसलेल्या, चेहरा लालबुंद आणि अंगाला घामाचा टिपूस नाही. डोळे अर्धे मिटलेले.

"आत्या! कूलर का बंद?"

त्यांना उत्तर जुळवायला वेळ लागला. "आवाज जातोय... तुज्या सायबाला."

मी बटणाकडं धावले तर त्यांनी माझं मनगट धरलं. अंगात ताकद नव्हती, तरी घट्ट धरलं. "तुजं व्हऊ दे आदी. मी बसती की. सवय हाय मला. सुतासाटी आमी पंखा लावत न्हवतो, तुटायचं सूत." त्या रोज हेच करत होत्या. मी दार लावलं की कूलर बंद, मी बाहेर आले की चालू.

आत यंत्र टुंग टुंग वाजायला लागलं. दुसरा फोन आला होता, साहेब ऐकत होते. मला आत्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली की काय करावं सुचेना. मी मनगट सोडवलं, आत गेले आणि डब्याचं बटण दाबून धरलं. दोन्ही पडदे काळे झाले. मग कूलर लावला, पाणी, मीठ, साखर, ओला टॉवेल, शेजारच्या तेलुगू काकूंना हाक, रिक्षा, दवाखाना. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. मी तिथंच बाकावर बसून रडले, लोकांसमोर.

सलाईन चालू असताना साहेबांचा फोन आला. "पुन्हा बंद पडलं ना?"

"नाही सर. मी बंद केलं."

मग जे होतं ते सगळं सांगितलं, पत्रा, कूलर, घरघर, आत्या. आवाजात गयावया नव्हती, उलट चढच होता. राजीनामा मागा म्हटलं, पाठवते. साहेब शेवटी एवढंच म्हणाले, "आधी त्यांना बघा." तीन-चार दिवसांनी निरोप आला की उन्हाळाभर मी पहाटेपासून काम करावं, ऊन चढायच्या आत संपवावं. पुण्याचा विषय निघाला नाही. आता दुपारी यंत्र थंड असतं आणि मधल्या खोलीत आत्या घोरतात.

पण त्या माझ्यावर चिडल्या होत्या. भारीच! चालू कामातनं उठलीस कशी, साहेब ऐकत असताना बटण दाबलंस कसं, म्हणून घरी आल्यावर माझ्याशी धड बोलेनात. चहा ठेवला तर "ठेव तितं." मीही म्हटलं, रुसा. जिवंत आहात ना, मग हवं तेवढं रुसा.

एके दिवशी सकाळी मी काम करत होते, दार उघडं होतं. परसात कुंपणाच्या भिंतीपलीकडं काकू आणि अलीकडं आत्या, दोघींचं बोलणं चाललं होतं. काकूही आत्यांच्याच जुन्या कारखान्यातल्या. आत्या हळू बोलत होत्या, मला ऐकू जाऊ नये म्हणून.

"आपल्या शेजारच्या मागावरची ती पोटुशी बाई पडली होती बघ, मागापाशीच," त्या म्हणाल्या. "तिला उचलून बाजूला ठेवली आन् माग तसाच चालू. कुनी बंद केला न्हाय. तू न्हाय, मी न्हाय." मग म्हणाल्या, "माज्या सुनंनं केला."

हेडफोनमध्ये कुणीतरी "हॅलो, हॅलो" करत होतं.