हातात घेतलेली किल्ली

मरणाच्या आदल्या दिवशी सासऱ्यांनी मठाची किल्ली वार्दुशपुढे धरली, तेव्हा तिच्या लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. नव्या सुनेनं सासऱ्यांपुढे तोंड उघडायचं नाही, अशी गावची रीत. 'नको' म्हणायची सोय नव्हती. हात तेवढा होता, तो पुढे झाला. त्याला आता शेहेचाळीस वर्षं झाली.

मठ आठशे वर्षांचा, कुणा सरदाराच्या विधवेनं बांधलेला. मंगोलांनी तो जाळला, पुढे साधू गेले, सरकारनं आत मेंढ्या कोंडल्या, भूकंपानं घुमट खाली आणला. पश्चिमेची भिंत पुरती गेली. दार मात्र उभं होतं. वार्दुश ते सकाळी उघडी आणि संध्याकाळी लावी. किल्ली ज्याच्या हाती, त्यानं एक रात्रही गावाबाहेर काढायची नाही. धाकटी बहीण वारली, तेव्हाही वार्दुश माती देऊन उन्हं कलायच्या आत परतली होती.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला. हिवाळ्याआधी तिला न्यायला वानाझोर शहरातून मुलगी, नाझेली, गाडी घेऊन आली. गाद्या टपावर बांधून झाल्या.

"आई, किल्ली खिळ्याला अडकव नि चल."

"खिळ्याला नाही चालत. कुणीतरी हातात घ्यायला हवी."

शेजारच्या त्सोलाकनं दोन्ही हात पाठीमागे नेले. "वहिनी, दाराला कुलूप आणि बाजूला भिंतच नाही. मी मधमाश्या राखतो, वारा राखत नाही."

"चेष्टा पुरे. घेतोस का?"

"आमच्या सुनेला द्या. तिनं घेतली तर माझी ना नाही."

आर्पिक, पंधरा दिवसांची नवरी, उंबऱ्यात उभी होती. वार्दुशनं किल्ली पुढे केली. पोरीनं सासऱ्याकडे पाहिलं, ओठ मिटले आणि तळवा उघडला. त्यावर पीठ लागलेलं होतं.

आता किल्ली त्या तळव्यावर नुसती ठेवली, की सुटका. वानाझोरची उबदार खोली, नातवंडं. पण वार्दुशची बोटं उघडेनात.

"तुला हवीये का गं? खरं सांग."

आर्पिकनं मान खाली घातली.

"जा, आतल्या रोट्या करपतील." वार्दुश मुलीकडे वळली. "गाद्या उतरव."

"आई, या थंडीत मरशील तू इथं."

"मग तू घे." तिनं किल्ली नाझेलीपुढे धरली.

नाझेली गाडीला वळसा घालून टपावरच्या दोरीची गाठ सोडू लागली.