अर्धी मात्रा आधी

बुधवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी रेनाटा कुजावा बसच्या मागच्या दाराची कडी ओढून बघत होती. दिवे बघून झाले होते, टायरना लाथ मारून झाली होती. टोलेडोत शाळेची बस आगारातून काढण्याआधी चालकाला ही प्रदक्षिणा घालावीच लागते, आणि रेनाटाने ती कधी टाळलेली नाही. दुसरा नियम रेल्वे फाटकाचा. तिथे बस थांबवायची, पंखा बंद, पोरांची तोंडं बंद, दार उघडायचं आणि आगगाडी येते का ऐकायचं. बाकीचे चालक दार उघडल्यासारखं करतात आणि निघतात. रेनाटा मनात चार मोजते. पोरं पाठीमागे तिला ‘घड्याळ’ म्हणतात.

त्या दिवशी तिच्या कोटाच्या आतल्या खिशात ड्रमच्या काड्यांची एक जोडी होती. सकाळची फेरी संपल्यापासून दुपारची सुरू होईपर्यंत चालकांना सुट्टी असते. त्या सुट्टीत नील हॉस्टेटलरने तिला बोलावलं होतं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

आदल्या संध्याकाळी तिने ही बातमी मोठ्या बहिणीला, वांडाला सांगितली. वांडा कोबी चिरत होती. दोघी आईच्या जुन्या घरात एकत्र राहतात. दोघींचेही नवरे कधीचे निघून गेले आहेत.

“नेमकं काय म्हणाला तो?”

“म्हणाला, ये. पुलाच्या गाण्यासाठी तू लागशील.”

“लागशील! टायर फुटल्यावर जॅक लागतो, तशी?”

“शनिवारी कार्यक्रम आहे, वांडा. तो मला बसवणार असेल.”

“बसवेल ना. मागच्या वेळी पेट्रोल पंपावर बसवलं होतं.”

मागची वेळ म्हणजे १९९४. नील गाणारा, गॉर्डी प्रुइट बेस गिटारवर, रेनाटा ड्रमवर. बँडचं नाव ‘सॉल्ट ट्रक’, बर्फ पडल्यावर रस्त्यावर मीठ टाकत जाणाऱ्या गाडीवरून ठेवलेलं. गालिच्यांच्या एका बंद पडलेल्या दुकानाच्या तळघरात त्यांनी आपली पहिली रेकॉर्ड केली. पुलाच्या गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर सगळे थांबतात. चार मात्रा शांतता, आणि मग सगळ्यांनी एकदम यायचं. रेनाटा अर्धी मात्रा आधी आली. बाकीचे तिच्यामागे ठेचकाळत आले. टेप संपत आली होती, दुसरी आणायची ऐपत नव्हती. चूक तशीच राहिली.

नीलने ती विसरू दिली नाही. प्रत्येक कार्यक्रमात त्या जागेआधी तो मान वळवून तिच्याकडे बघायचा आणि बोटांनी चार मोजून दाखवायचा, लोक हसायचे. शिकागोला जाताना साउथ बेंडजवळच्या पंपावर व्हॅन थांबली. रेनाटा हात-तोंड धुऊन बाहेर आली तेव्हा हवा भरायच्या यंत्राशेजारी तिचे ड्रम एकावर एक नीट रचलेले होते. त्यांच्या बाजूला तिचा कोट घेऊन गॉर्डी उभा होता. “नीलला मोजता येणारं माणूस मिळालंय,” तो म्हणाला, कोट तिच्या हातात दिला आणि व्हॅनमध्ये जाऊन बसला. वांडा मामाचा पिकअप घेऊन तिला आणायला गेली.

घरी आल्यावर रेनाटाने टकटकणारं तालयंत्र विकत घेतलं. आईच्या तळघरात ड्रम मांडले आणि ती चार मात्रांची शांतता मोजायला लागली. आधी रोज, मग लग्न झाल्यावर रविवारी, मग लग्न मोडल्यावर पुन्हा रोज. शेजाऱ्यांना फक्त शांतता आणि एक दणका ऐकू यायचा, पुन्हा शांतता, पुन्हा दणका. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्याने एकदा विचारलं, “बाई, तुम्ही खाली नेमकं काय फोडताय?”

तिच्याशिवाय ‘सॉल्ट ट्रक’ने आणखी दोन रेकॉर्ड काढल्या. त्यात एकही चूक नव्हती आणि त्या कुणी ऐकल्या नाहीत. बँड मोडला. नील घरांना रंग द्यायला लागला, गॉर्डी विमा विकायला. पुढे कधीतरी कुणीतरी पहिली रेकॉर्ड इंटरनेटवर टाकली, आणि ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता अशा लोकांना पुलाच्या गाण्यातली ती जागा सापडली. काहींनी ती अर्धी मात्रा दंडावर गोंदवून घेतली. एका कंपनीने रेकॉर्ड पुन्हा काढली, कार्यक्रमासाठी गावातलं जुनं थिएटर ठरलं, तिकिटं संपली.

तालमीची जागा नदीकाठचं एक गोदाम होतं. रेनाटा आत गेली तेव्हा ड्रम मांडलेले होते आणि त्यांच्यामागे एक तरुण बसलेला होता.

“हा ॲन्सल,” नील म्हणाला. त्याचं पोट सुटलं होतं, केस मात्र मागे बांधलेले होते. “लॉस एंजेलिसहून आणलाय. सगळी रेकॉर्ड पाठ आहे ह्याला. फक्त ती एक जागा जमत नाही. मुद्दाम केल्यासारखी वाटते. दाखव त्याला.”

“काय दाखवू?”

“तुझी चूक, रेनी. शिकव त्याला.”

गॉर्डी मध्ये पडला. “नीट सांग की रे. हे बघ रेनी, कंपनी म्हणते, ते एक गाणं शनिवारी तूच वाजवलंस तर लोक वेडे होतील. एक गाणं. पोस्टरवर नाव. आधी फक्त वाजवून दाखव.”

ॲन्सल उठला. “बसा, मॅडम.”

ती बसली आणि कोटातून आपल्या काड्या काढल्या. गाणं सुरू झालं, दुसरं कडवं संपलं, शांतता आली. रेनाटा बरोबर चौथ्या मात्रेनंतर आली. एका केसाचाही फरक नाही.

“पुन्हा,” नील म्हणाला.

पुन्हा बरोबर. तिसऱ्या वेळी तिने मुद्दाम घाई केली. जिन्याची पायरी आहे हे माहीत असूनही कुणी ठेच लागल्याचं सोंग करावं, तसं ते वाजलं. गॉर्डीने खाली बघितलं. चौथ्या वेळी ती अर्ध्या मात्रेऐवजी पाव मात्रा आधी आली आणि पाचव्या वेळी, हात आवरूनही आवरेनात, पुन्हा बरोबर.

नील हसायला लागला. “तेव्हा बरोबर हवं होतं तर हिला मोजता येत नव्हतं. आता चूक हवी आहे तर बाई मोजतेय!”

“मी शिकले,” रेनाटा म्हणाली.

“कुणी सांगितलं होतं शिकायला?”

“तू.”

मग ॲन्सलने अदबीने विचारलं, “मॅडम, तेव्हा तुमच्या मनात काय होतं?”

रेनाटाने विचार केला. “मोजत नव्हते मी. ह्या दोघांचे चेहरे बघत होते. इतके छान दिसत होते की थांबवेना.”

ॲन्सलने मान हलवली. तिच्या हातातल्या काड्या मागून घेतल्या आणि तो तिच्या जागी बसला. शांतता आली. त्याने मोजलं नाही. नीलच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि अर्धी मात्रा आधी आला. अगदी रेकॉर्डमधल्यासारखा.

“हेच!” नील ओरडला. “हेच ते! च्यायला, हेच!” त्याने ॲन्सलला मिठी मारली.

गॉर्डीने रेनाटाला शनिवारचे दोन पास दिले. “थांब, कॉफी घे ना.”

“बस काढायची आहे.”

ती काड्या घ्यायला वळली तेव्हा नील म्हणाला, “त्या राहू दे, रेनी. त्यांचाच आवाज बरोबर येतोय.”

शनिवारी वांडा म्हणाली, “जाणार आहेस? लाज आहे की नाही?”

“पास आहेत.”

“पास तर प्राणिसंग्रहालयाचेही मिळतात.” पण तिने कोट चढवला.

दोघी सगळ्यात मागे उभ्या राहिल्या. पुलाचं गाणं शेवटी आलं. दुसरं कडवं संपलं आणि सगळं थिएटर श्वास रोखून थांबलं. मग ॲन्सल आला, आणि त्याच्याबरोबर शेकडो पाय जमिनीवर आदळले, अर्धी मात्रा आधी, सगळे एकदम. रेनाटाचा पाय त्यानंतर आदळला. एकटाच.

पुढचा दाढीवाला तरुण हसत मागे वळला. अंगात बँडचा जुना फोटो छापलेला शर्ट होता. फोटोत नील आणि गॉर्डी होते, आणि कडेला कुणाचंतरी कोपर.

“आजी, चुकलात!” तो गोंगाटातून ओरडला. “रेकॉर्ड ऐकलेली दिसत नाही कधी!”

वांडाने तोंड उघडलं. रेनाटाने तिचा दंड धरला.

“नाही,” ती त्याला म्हणाली. “बहिणीबरोबर आलेय.”

रविवारी दुपारी तिने तळघरातलं तालयंत्र खोक्यात घातलं. वांडाने वरून विचारलं, “फेकतेस का?” रेनाटाने खोकं जिन्याखाली सरकवलं. संध्याकाळपर्यंत ते खोकं जिन्याखालीच होतं.

उद्या सोमवार. बस क्रमांक एकवीस सात वाजून दोन मिनिटांनी रेल्वे फाटकाशी थांबेल, दार उघडेल, आणि चार मोजून झाल्यावर मिटेल.