भेगेवरचं कापड

शर्टांच्या कारखान्यात ती काजं-बटणं करायची, म्हणून सगळी इमारत तिला बटणवाली म्हणायची. नवरा गेल्यावर तळमजल्यावरच्या खोलीत ती आणि सासरे, दोघंच उरले. सासऱ्यांनी जन्मभर लोकांच्या कपड्यांना इस्त्री केली होती. आता त्यांचे गुडघे धरले होते आणि भिंतीला लावलेल्या खाटेवर ते दिवस काढत होते.

ती भिंत डोळ्यांना नको व्हायची. ओल चढून रंगाचे पोपडे सुटलेले, मधोमध छतापासून खाटेपर्यंत उतरलेली भेग. घरमालकाच्या माणसाला सांगून सांगून तिची जीभ झिजली. तो म्हणायचा, "बघू." त्याच्या बघूचा अर्थ सगळ्यांना पाठ होता.

शेवटी तिने कारखान्यातली कापडाची कात्रणं पिशवी भरून आणली. सासऱ्यांनी बसल्या बसल्या एकेका तुकड्यावर इस्त्री फिरवून दिली. तिने त्यांचे चौकोन कापून जुन्या चादरीवर धावदोऱ्याने बसवले, वरच्या कडेला नेफा शिवून त्यात झाडूचा दांडा ओवला आणि तो पडदा दोन खिळ्यांवर टांगला.

"खोलीला शर्ट घातलास की पोरी," सासरे म्हणाले.

"मापात आहे का, बाबा?"

"खांद्यात सैल आहे जरा. चालेल."

वरच्या मजल्यावरची नर्सबाई औषध द्यायला आली आणि बघतच राहिली. तिलाही तसा एक हवा झाला, मग तिच्या शेजारणीला. भिंती सगळ्यांच्याच तशा होत्या. सुट्टीच्या दिवशी सासरे इस्त्री धरून बसायचे, ती सुई धरून. कामाला लागल्यापासून म्हातारा पुन्हा चार घास नीट खाऊ लागला होता.

एकदा मालकाचा माणूस आला. दारातूनच पडद्याकडे बघून म्हणाला, "घर तर छान ठेवलंय तुम्ही. मग तक्रार कसली?"

पडदा उचलून दाखवायचा होता. पण तिच्या खोलीला कुणी छान म्हणण्याची ती पहिलीच वेळ होती. तिने पडद्याला हात लावला नाही.

त्यानंतर महिनाभरातच, ती कामावर गेलेली असताना, भिंत खाटेवर कोसळली. लोकांनी हातांनी विटा उपसल्या. सासऱ्यांना बाहेर काढलं तेव्हा श्वास चालू होता. दवाखान्याच्या वाटेवर तो थांबला.

ढिगारा उचलायला आलेल्या गवंड्याने एक वीट हातात घेतली. ती दाबल्यावर चुरली. "आत नळ फुटलाय, कधीचा," तो म्हणाला. "पण भिंत अशी एकदम पडत नाही. आधी फुगवटा येतो. कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

"मी झाकलं होतं," ती म्हणाली.

गवंड्याने वीट खाली ठेवली.

मालकाच्या माणसाला तेवढंच पुरलं. "यांनीच झाकून ठेवलं, आम्हाला कळणार कसं?" असं तो ज्याला त्याला सांगत सुटला. नर्सबाईने त्याला जिन्यात गाठलं. "ती वर्षभर सांगत होती तेव्हा कान कुणी झाकले होते तुमचे?" तो मान खाली घालून निघून गेला. पण त्याचं बोलणं बटणवालीच्या मनात रुतलं ते रुतलंच.

नर्सबाईने तिला आपल्या घरी नेलं होतं. चौथ्या दिवशी ती उठली आणि दारोदार फिरून आपण दिलेले पडदे उतरवू लागली. कुणी अडवलं नाही. अडवलं ते फक्त एकट्या राहणाऱ्या शिकवणीवाल्या बाईंनी.

"असू दे तो," त्या म्हणाल्या.

"मागे काय आहे, माहीत आहे का तुम्हाला?"

"माहीत आहे म्हणूनच असू दे. रोज बघत बसू का? आणि बघून जाऊ कुठे?"

"मला एकदा बघू द्या," एवढंच ती म्हणाली. पडदा वर करून तिने भेगेत बोटं घातली. बोटं ओली होऊन बाहेर आली.

"खाट इथे नको, ताई."

खोलीत दुसरी जागा म्हणजे दारालगतची. दोघींनी मिळून खाट तिकडे ओढत नेली. आता दार अर्धंच उघडत होतं. बटणवाली अंग चोरून बाहेर पडली आणि पुढच्या घराची कडी वाजवली.