चंद्रीचा दात

शेजारच्या काकू जेजुरीहून आल्या आणि भंडाऱ्याची पुडी देऊन गेल्या. दौंडच्या माझ्या स्वयंपाकघरात हळदीचा तो वास पसरला आणि मी मनानं पुन्हा इनामगावजवळच्या उत्खननावर, घोडनदीच्या काठी जाऊन बसले.

मातीतून निघालेला घोड्याचा जुना दात मी ब्रशनं साफ करत होते. पलीकडच्या शेतात मेंढरं बसवायला आलेल्या सखूमावशी जवळ टेकल्या.

"एका अंगानं का झिजलाय ह्यो?"

"लगाम चावून."

"म्हंजी कुणीतरी सांभाळल्याली घोडी व्हती." त्यांनी दात तळहातावर घेतला. त्या आता शिरूरकडं घर करून शेती करणार होत्या. बिऱ्हाड वाहणारी त्यांची घोडी, चंद्री, नुकतीच विकली होती.

"नाव काय हिचं?"

"ते हाडावरून कळत नाही, मावशी."

त्यांनी कमरेची पिशवी सोडून दाताला भंडारा लावला. "मग चंद्रीच म्हना."

तो पिवळा डाग मी कधी धुतला नाही. प्रयोगशाळेत त्या दाताची डबी उघडताना दरवेळी हळूच "चंद्रे" म्हणायची. डबीवर मात्र नुसता नंबर आहे. मी निवृत्त झाले, आणि आता तिथं तिला नावानं हाक मारणारं कुणी नाही.