लीड्सच्या चेरीखाली विहीणभेट

लंडनमधल्या एजवेअरहून निघाल्यापासून निनादचं एकच पालुपद. "आई, प्लीज, युमीच्या मम्मीला लगेच लग्नाची तारीख विचारू नकोस हं."

"मी काय वेडी आहे का?" म्हटलं. खरं तर विचारणारच होते. दोघांचं ठरलं, पण युमीच्या आईनं होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही. एकुलती एक मुलगी आमच्यात द्यायची, जीव कचरत असणारच. मी चिपळूणहून आलेय कळल्यावर त्यांनी लीड्सला हानामीला (चेरीची फुलं बघत वनभोजन) बोलावलं. मला तर बाई बघण्याच्या कार्यक्रमाला चालल्यासारखंच वाटत होतं.

ट्रेनमधून उतरलो तर असला बोचरा वारा, की साडीवर कोट, कोटावर शाल! पण पार्कातली ती झाडं! पानाचा पत्ता नाही, नुसती फिकट गुलाबी फुलं. खाली निळ्या ताडपत्र्या अंथरलेल्या, कडेला बुटांच्या रांगा. किमोनोतल्या मुली वाऱ्यात छत्र्या सावरत होत्या. पलीकडे ताइको (मोठे जपानी ढोल) घुमत होते. आमच्या ढोलांच्या तोडीस तोड, नाइलाजानं कबूल करते.

युमीची आई म्हणजे बारीक अंगाची, पांढऱ्या केसांची बाई. त्या कमरेत वाकल्या. मीही वाकले. त्या पुन्हा वाकल्या, मग मी तरी कशी मागे राहणार?

"आई, पुरे आता," निनाद कुजबुजला.

मी मासे खात नाही म्हणून त्यांनी माझ्यासाठी वेगळा डबा केला होता. इनारी (तळलेल्या टोफूच्या पिशवीत आंबटगोड भात) इतकी आवडली की संकोच सोडून पुन्हा घेतली. मग आली साकुरामोची, म्हणजे पानात गुंडाळलेला गुलाबी तांदळाचा गोळा. हळदीच्या पानातल्या पातोळ्यांच्या सवयीनं मी पान सोलून बाजूला ठेवलं. युमीच्या आईचा चेहरा उतरला.

"काकू, पान पण खायचा!" युमी म्हणाली. निनादनं शिकवलेलं मराठी, दुसरं काय!

मिठात मुरवलेलं चेरीचं पान होतं ते. उचललं आणि गोळ्यासकट खाल्लं. खारट पानात गोड सारण, तेही डाळ शिजवून वाटलेलं.

"अगं बाई, हे तर पुरण!" मी ओरडलेच.

पुरण म्हणजे काय ते सांगताना माझं इंग्रजी संपलं. मग हातानंच घाटून दाखवलं. युमीच्या आई तोंडावर हात ठेवून हसल्या आणि त्यांनीही तस्संच घाटून दाखवलं. मुलं चहा आणायला गेली, तेव्हा आम्ही दोघीच बोलत बसलो. तारीख जिभेवर आली होती, पण गिळली.

परतीच्या ट्रेनमध्ये निनादला धीर धरवेना. "काय म्हणाल्या त्या? हो म्हणाल्या?"

"हो-नाही काही नाही. मला 'आई' हा शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावला."

"का?"

"युमीला नीट शिकवायचाय म्हणे. मला हाक मारताना तिचा उच्चार चुकायला नको."

एवढं सांगताना मला रडूच आलं.