दाराकडचा चौथा बोल्ट

बाबांना पक्षाघात झाला त्याला दहा महिने झाले होते. तेवढ्या काळात ते घराबाहेर गेले फक्त एकदा, तेही दोघांनी उचलून. सगळी हयात मासेमारी बोटीवर खलाशांचा तांडेल म्हणून काढलेला माणूस आम्ही पोत्यासारखा गाडीत कोंबला आणि निम्मं देवबाग बघत उभं होतं. घरी आल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. वाचा गेलेलीच होती. डॉक्टर म्हणत होते, कुडाळला व्यायामाला आणा, नाहीतर उरलेलं अंगही आखडेल. पण गाडी म्हटलं की बाबा डावा हात जोरजोरात हलवायचे. मला वाटायचं, अभिमान दुखावलाय.

गाडी त्यांच्यासाठीच घेतली होती, जुनी, राखाडी रंगाची. मग मी ड्रायव्हरशेजारी बसवायला बाहेरच्या बाजूला वळणारी सीट मागवली. सीट दाराबाहेर फिरते, माणूस आपल्या पायांनी टेकतो, कुणी उचलायला नको. गॅरेजवाला म्हणाला, आठ दिवसांनी या. मला कुणी थांब म्हटलं की माझं डोकं फिरतं. जुन्या सीटचे चार बोल्ट काढायला आठ दिवस कशाला, म्हणून मी सकाळीच अंगणात पाने-पक्कड मांडून बसलो.

तीन बोल्ट निघाले. दाराकडचा, मागचा, चौथा काही हलेना. रॉकेल ओतलं, तासभर थांबलो. आधी किंचित घट्ट करून मग सैल करायचा, तेही केलं. पान्याला पाईप लावून अंगाचा भार टाकला, तर पाना सटकून माझीच बोटं सोलवटली. नीट बघितलं तर बोल्टाचं डोकं आधीच कुणीतरी ठेचून गोल केलेलं. कुठल्या आडदांडानं हे केलं म्हणून मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बायको ओट्यावरून म्हणाली, "बोल्ट आधी सुटता की तुमची कंबर मोडता, बघूया."

आणि तेव्हा मला ते ऐकू आलं. मी जोर लावला, बोल्ट करकरला, आणि आतून बाबा कण्हले. थांबलो, तर तेही थांबले. पुन्हा लावला, पुन्हा कण्हले. योगायोग म्हणून मी पाच मिनिटं नुसता बसून राहिलो. घरात चिडीचूप. मग अगदी हळू, पाखरालाही कळणार नाही असा पाना फिरवला. आतून तोच आवाज आला. खोटं कशाला बोलू, मी टरकलो. भर दुपारी, माझ्याच अंगणात.

शेवटी बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांना बोलावलं. बाबांच्या बोटीवर ते वीस वर्षं होते. त्यांनी गॅसची ज्योत बोल्टाला लावली तसा जळक्या चिखलाचा वास सुटला, खाडीला ओहोटी लागली की येतो तसा. काकांनी ज्योत विझवली. बोटानं गंज खरवडला, जिभेला लावला.

"ह्यो खाऱ्या वाऱ्याचो गंज नाय," ते म्हणाले. "ही गाडी पाण्यात होती."

त्यांनी खालचा गालिचा उचकटला. आत बारीक वाळू, आणि वाळूखाली पत्र्याचा मूळ रंग होता, पांढरा. मग ते त्या ठेचलेल्या बोल्टाकडे बघत राहिले आणि मटकन पायरीवर बसले.

"तू तेव्हा मुंबैक होतस," ते म्हणाले. "बापाशीन सांगल्यान नाय तुका?"

बाबांनी कधीच काही सांगितलं नव्हतं. काकांनी सांगितलं. पांढरी गाडी धक्क्यावरून घसरून खाडीत गेली. चालवणारा बाहेर आला, शेजारी बसलेला त्याचा झील, असेल सतरा-अठराचं पोर, आत राहिला. सीटचा पट्टा अडकला होता. बाबांनी बोटीतून उडी घेतली, पण पहिल्याच बुडीत सुरी हातातून सुटली. मग काकांचा पाना घेऊन गेले. पट्टा ज्या बोल्टाला होता तो सुटेना म्हणून पाण्याखाली त्यावर घाव घालत राहिले. तीनदा वर येऊन श्वास घेतला. चौथ्यांदा वर आले ते पाना टाकूनच.

"तो झील तुझ्या बापाशीचो हात धरून होतो रे," काका म्हणाले. "शेवटाक त्यानाच सोडल्यान."

ज्याच्या सात पिढ्या मी काढल्या त्या माझ्याच होत्या. आणि त्याच सीटवर मी बाबांना कोंबलं होतं.

काकांनी ग्राइंडरनं बोल्ट कापला. आतून काहीच आवाज आला नाही, आणि ते मला जास्तच लागलं. नवी सीट बसली. पण आता कोणत्या तोंडानं त्यांना बसा म्हणू? आत जाऊन पलंगाशी टेकलो.

"बाबा, ती गाडी खंयची ता माका कळला. विकून टाकतंय."

बाबांनी मान वळवली. दहा महिन्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. आणि डावा हात दाराकडे केला.

घरातल्या घरात वापरायच्या वॉकरवर, पावलागणिक थांबत, ते स्वतः अंगणात आले. मी सीट बाहेर फिरवून ठेवली होती, कोरी, रिकामी. ते तिच्यापुढे उभे राहिले, पण बसेनात. मी हात द्यायला गेलो तर माझा हात बाजूला सारला. मग वाकले आणि डावा तळवा सीटच्या पाठीपाशी, पाठीपासून चार बोटं अलीकडे, हवेतच टेकवला. कुणाच्या खांद्यावर ठेवावा तसा.

"ऊठ रे झिला," बाबा म्हणाले. शब्द स्पष्ट होते. "आता माका बसूक दी."

काका दोन पावलं मागे सरले. मी गाडीच्या दाराच्या तोंडाशीच उभा होतो. या असल्या गोष्टींना आयुष्यभर हसत आलेला मी, अंग चोरून बाजूला झालो आणि वाट दिली.